गावची शाळा सुधारायची तर पालकांनी नेमकं करायचं काय? रत्नागिरीच्या वाड्यांमधून समजून घ्या

रत्नागिरीत शाळेची गोष्ट पटावरून सुरू होते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मध्ये वहाळ आणि पावसाळ्यात बंद होणारी पायवाट, म्हणून इथे वाडीवाडीत शाळा झाल्या. नियमही तसाच आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पण वाडीतली कुटुंबं मुंबईला गेली आणि पट विसाच्याही खाली घसरला, अशा कितीतरी शाळा आज जिल्ह्यात आहेत. त्यात २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांमुळे शेकडो शिक्षक एकाच वेळी जिल्ह्याबाहेर गेले. अनेक ठिकाणी एका शिक्षकावर चार-चार वर्ग आले.

मग होतं काय? पोराला वाचता येत नाही हे दिसलं की घरचे त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. पट आणखी घटतो, शिक्षकाचं पद जातं, उरलेल्यांची शाळा आणखी दुबळी होते. म्हणून कोकणात पालकांचा सहभाग हा शाळा टिकण्याचा प्रश्न आहे.

कायद्यात पालकांना किती हक्क आहे?

बऱ्यापैकी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी शाळेत 'शाळा व्यवस्थापन समिती' असावी लागते. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, ही समितीची कामं. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हेही कायद्याने शिक्षकाचंच काम आहे.

कागदावर हे झकास आहे. प्रत्यक्षात सभा पुष्कळदा सह्यांपुरती होते. सभेत चर्चा कसली? कौलं बदलायची, पाण्याची टाकी, १५ ऑगस्टचा खाऊ. तिसरीतल्या किती मुलांना एक परिच्छेद वाचता येतो, हा प्रश्न क्वचितच निघतो.

नुसती समिती पुरते का?

याचं उत्तर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात मिळालं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी यांच्या गटाने तिथे प्रयोग केला. गावकऱ्यांना शिक्षण समितीची माहिती दिली, मुलांची वाचन चाचणी कशी घ्यायची ते दाखवलं. आधी कळलं ते असं की बहुतेक पालकांना समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता! माहिती देऊनही शाळेत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्या तरुणांनी शाळेबाहेर घेतलेल्या वाचनवर्गांनी. ज्यांना अक्षरही येत नव्हतं, ती मुलं त्या वर्गांना गेल्यावर अक्षरं ओळखू लागली.

थोडक्यात, 'जागरूक व्हा' असं पालकांना सांगून भागत नाही. हातात रोज करता येईल असं छोटं काम द्यावं लागतं.

महाराष्ट्रात ते काम कोणतं?

'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान हे त्याचं उदाहरण. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये शाळेत मेळावा भरतो. नावनोंदणीपासून उड्या मारणं, रंग-आकार ओळखणं, गोष्ट सांगणं, मोजणं असे सात स्टॉल असतात. शेवटच्या स्टॉलवर आईला मुलाचं विकासपत्र दाखवून घरी काय करून घ्यायचं ते समजावतात. मग वाडीतल्या चार-पाच आयांचा 'माता गट' बनतो, त्यातली एक लीडर माता. व्हॉट्सअ‍ॅपवर छोटी कृती येते आणि ती घरातल्याच वस्तूंनी करायची असते. काजूच्या बिया दहा-दहाच्या ढिगात लावणं किंवा धुतलेले कपडे लहान-मोठे वेगळे करणं, असलं काहीतरी.

रत्नागिरीत यातली मुख्य व्यक्ती आईच असणार, कारण अनेक घरांत बाप चाकरमानी. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. एरवी मुलींच्या संख्येची चांगली बातमी वाटावी असा हा आकडा, पण त्यामागे मुख्यतः पुरुषांचं स्थलांतर आहे. म्हणजे शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोराचा अभ्यास, सगळं एकीवर. जुलैत लावणी चालू असताना दुपारी दोनची पालकसभा ठेवली तर कोण येणार? वेळ संध्याकाळची आणि जागा वाडीतलंच एखादं अंगण असेल, तर सभेला येणं खूप सोपं होतं. आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नसेल तरी अडत नाही. ती मुलाला 'आज काय वाचलंस, मला सांग' एवढं विचारू शकते. मात्र अपेक्षा माफक हवी. बिहार आणि राजस्थानात आयांसाठी साक्षरता वर्ग आणि घरच्या कृती, दोन्ही करून पाहिल्या, तेव्हा मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण थोडीच.

आणि शाळेत?

१९९५ पासून मुंबईच्या वस्त्यांत काम करणाऱ्या 'प्रथम'ने रुजवलेली पद्धत इथे कामाची आहे. रोज ठरावीक वेळ मुलांना इयत्तेप्रमाणे नव्हे, तर येतं तितक्यावरून बसवायचं. अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे. बारा मुलं आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत ही पद्धत उलट सोपी जाते, वर्ग आधीच एकत्र बसलेले असतात. छोट्या शाळेचा हा फायदा सहसा कुणी मोजत नाही.

मुंबईकरांचं काय?

गणपती आणि शिमग्याला गाव भरतं, तेव्हा मुंबई मंडळाची बैठकही होते. शाळेला रंग, संगणक, टीव्ही बहुतेकदा तिथूनच येतात. ही रीत जुनी आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे महर्षी कर्वे यांनी गावासाठी 'मुरूड फंड' उभारला होता आणि पुढे १९३६ मध्ये शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढायला महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. आज मंडळांनी भिंत रंगवण्याआधी गोष्टीच्या पुस्तकांची पेटी आणि वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला संध्याकाळच्या वर्गाचं मानधन दिलं, तर तो पैसा जास्त उपयोगी पडेल. टीव्ही पावसात वीज गेली की बंदच असतो.

पुढच्या सभेत पालकांनी विचारण्यासारखे प्रश्न तीनच आहेत. माझं मूल आज कोणत्या पातळीवर वाचतं? दोन महिन्यांपूर्वी कुठे होतं? आणि या महिन्यात घरी आम्ही काय करायचं? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्यायला सांगा. ती वही पाहण्याचा हक्क समितीच्या प्रत्येक सदस्याला आहे.