निधी : ठेवलेल्या आणि पुरलेल्या धनाचा शब्द

आजच्या मराठीत 'निधी' म्हटले की उघड, मोजलेली आणि हिशेबात धरलेली रक्कम डोळ्यांसमोर येते. आमदार निधी, भविष्य निर्वाह निधी, सहायता निधी अशा जोडशब्दांत तो रोज भेटतो, आणि तो मंजूर होतो, वर्ग केला जातो किंवा अखर्चित राहतो. मात्र हाच शब्द धर्मशास्त्रांत, ताम्रपटांत आणि मराठेशाहीतील सनदांत येतो तेव्हा त्याचा अर्थ जमिनीत पुरून ठेवलेले, ज्याचा ठावठिकाणा इतरांना नाही आणि पुष्कळदा ज्याचा धनीही उरलेला नाही, असे द्रव्य असा असतो.

व्युत्पत्तीने पाहता या शब्दात लपवण्याचा अर्थ मुळीच नाही. 'धा' म्हणजे ठेवणे आणि 'नि' म्हणजे खाली किंवा आत. तेव्हा निधी म्हणजे केवळ 'खाली ठेवलेले'. निधान, निहित, सन्निध हे शब्द याच धातूच्या कुळातले आहेत. मराठीने 'ठेवणे' या क्रियापदापासून 'ठेव' आणि 'ठेवा' हे शब्द घडवले आणि त्यांतील 'ठेवा' या शब्दाला मौल्यवानपणाची छटा दिली, त्यावरून ठेवण्याच्या क्रियेतून संपत्तीचे नाव निघण्याची वाट किती स्वाभाविक आहे ते कळते. गुप्ततेचा अर्थ या शब्दाला वापरातून चिकटला, आणि तोही फार लवकर. छांदोग्य उपनिषदात आत्मज्ञानाला दृष्टांत दिला आहे तो शेतात पुरलेल्या सोन्याच्या निधीचा: ज्यांना त्या जमिनीची माहिती नाही ते त्यावरून पुन्हा पुन्हा चालत जातात, पण पायाखाली काय आहे हे त्यांना उमगत नाही. हा दृष्टांत श्रोत्यांना पटावा म्हणून निराळे स्पष्टीकरण द्यावे लागलेले नाही, यातच पुरलेले धन ही त्या समाजातली किती परिचित गोष्ट होती ते दिसते.

धन का पुरत, याचे उत्तर पालीतील खुद्दकपाठ या ग्रंथातल्या 'निधिकंडसुत्त' या लहानशा रचनेत मिळते. पाणी लागेल इतक्या खोल खड्ड्यात माणूस निधी ठेवतो, तो राजाच्या जाचातून किंवा चोरांच्या हातून सुटण्यासाठी, ऋण फेडण्यासाठी, दुष्काळात किंवा आपत्तीत उपयोगी पडावा म्हणून, असे तेथे सांगितले आहे. पुढे तो हातचा कसा जातो तेही येते: जागा विसरते, नाग तो हलवतात, यक्ष नेतात, नावडते वारस खणून काढतात. या यादीत राजा आणि चोर शेजारी बसले आहेत, आणि निधीला गुप्ततेचा अर्थ कोणाच्या भीतीने आला हे त्या शेजारातून जितके कळते तितके कोणत्याही कोशातून कळत नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाण्यांचा साठा अशाच एका ठेवीचा अवशेष आहे. त्यातील चांदीची नाणी तेरा हजारांहून अधिक असून ती मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची आहेत, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचे कमानी रचलेल्या टेकडीचे चिन्ह उमटलेले असे नाणे हातात घेतले की राज्य पालटल्याची खूण चांदीवर बोटांना लागते.

राजाने मात्र या अदृश्य संपत्तीवरचा हक्क कधी सोडला नाही. कौटिल्याने निधीची वर्दी देणाऱ्याला सहावा हिस्सा आणि तो चाकर असेल तर बारावा हिस्सा सांगितला, पण एक लाख पणांवरचा निधी राजाचा ठरवला. मनुस्मृतीने निधी आपला आहे असे खरेपणाने सिद्ध करणाऱ्याकडूनही सहावा किंवा बारावा भाग राजाने घ्यावा असे म्हटले, खोटा दावा करणाऱ्याला दंड लावला, विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी मात्र सगळा त्याचाच मानला, आणि राजाच्या वाट्याचे कारणही दिले: तो रक्षण करतो व भूमीचा स्वामी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत इतर कोणाला निधी सापडल्यास राजाने षष्ठांश घ्यावा असे शब्द आहेत आणि त्यांचा सरळ अर्थ शोधणाऱ्याच्या लाभाचा आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात 'मिताक्षरा' ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने, वसिष्ठाच्या वचनाचा आधार घेऊन, षष्ठांश शोधणाऱ्याला देऊन उरलेले राजाने घ्यावे असा अर्थ लावला. शब्द तेच राहिले आणि पाच वाटे एका हातातून दुसऱ्या हातात गेले; टीकाकाराच्या लेखणीचे सामर्थ्य इतके उघडपणे क्वचितच दिसते.

हा हक्क राजाचा होता म्हणूनच तो दान करता येत असे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळाला असून त्यात एक गाव हजार ब्राह्मणांना देताना ते 'सनिधि' आणि 'सोपनिधि', म्हणजे निधी व उपनिधी यांसह, दिल्याचे नोंदवले आहे. उपनिधी या शब्दाचा धर्मशास्त्रातील अर्थ आत काय आहे ते न सांगता, भांड्यात बंद करून दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव असा आहे, तर ओळखून किंवा मोजून सोपवलेल्या ठेवीला निक्षेप म्हणत. दानपत्रांत मात्र हे शब्द निधीच्या जोडीने जमिनीतील ठेव्यांसाठी येतात. मराठेशाहीच्या इनाम सनदांतही जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांच्या पाठोपाठ निधी आणि निक्षेप येतात. वरचे पाणी, झाड, गवत आणि दगड दिसणारे, आणि शेवटची दोन न दिसणारी. तरीही कारकुनाने ती सगळी एकाच ओळीत, एकाच खात्रीने लिहिली आहेत.

निधीभोवती देवदेवता आणि समजुतीही जमल्या. कुबेराचे नऊ निधी मानले गेले आणि त्यांतील शंख व पद्म या दोघांना मानवी रूप मिळाले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील डाव्या उपगर्भगृहात बसलेले स्थूल यक्ष याच नावांनी ओळखले जातात. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, माणसाला डोळ्यांत अंजन घातल्यावर पुरलेले धन दिसते ही महाराष्ट्रातील समजूत दीर्घकाळ टिकली, आणि तिच्यासारख्या समजुतींपायी माणसांचे बळी गेले हे विसरता येत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला तो त्यामुळेच.

इंग्रजी अमलात १८७८ चा सहावा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक ठरले. धनी न निघाल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळण्याची तरतूद झाली, आणि सरकारला ते हवे असल्यास त्यातील धातू-रत्नांची किंमत व तिच्या वर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेता येऊ लागले. विज्ञानेश्वराच्या सहाव्या हिश्श्यापासून शोधणारा येथे पुष्कळ पुढे आला. परंतु आधुनिक मराठीत 'निधी' हा शब्द जमाखर्चाच्या वहीत जाऊन बसल्यावर या कायद्याला नाव देताना तो एकटा पुरेना. लोकांच्या बोलण्यात त्याची जागा 'गुप्तधन' या शब्दाने घेतली होती, तर कायद्याच्या भाषेने त्याच्यामागे खणून पुरलेले अशा अर्थाचे विशेषण लावले आणि तो 'निखात निधी अधिनियम' झाला.