अडगांव, गाविलगड आणि वऱ्हाडची रयत

लढाईचा इतिहास लिहितांना लढणाऱ्यांची गणना सर्वच करतात. परंतु ज्या भूमीवर ती लढाई होते त्या भूमीवरील लोकांचें तिच्याशीं नातें काय होतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वऱ्हाडच्या इतिहासांत मात्र हा प्रश्न टाळून पुढें जातां येत नाहीं. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत, अवघ्या सतरा दिवसांच्या अवधींत, या प्रांताचें शंभरांहून अधिक वर्षांचें भवितव्य ठरलें. तें अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानावर आणि अमरावती जिल्ह्यांतील गाविलगडच्या तटांवर ठरलें. आणि तें ठरत असतां वऱ्हाडच्या माणसाचें मत विचारण्याची गरज कोणत्याहि पक्षास वाटली नाहीं.

या लढायांची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी : ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. दौलतराव शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांस तो तह मान्य होण्यासारखा नव्हता. त्यांतून युद्ध जुंपलें. ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, आणि ऑक्टोबरांत असीरगडहि गेला. तेव्हां शिंद्यांनीं नोव्हेंबरांत इंग्रजांशीं तात्पुरता युद्धविराम केला. या युद्धविरामांत भोसल्यांचा समावेश नव्हता. एका शत्रूपुढें उभे राहिलेल्या दोन मित्रांपैकीं एकानें आपल्यापुरती सोय पाहिली; पुढील सर्व अनर्थाचें बीज येथेंच आहे.

२९ नोव्हेंबर रोजीं जनरल आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांचीं सैन्यें एकत्र झालीं. लांबच्या मजलीनें शिपाई थकले होते, व त्या दिवशीं मुक्काम करावा असाच वेलस्लीचा विचार होता. इतक्यांत अडगांवपुढील मैदानांत मराठ्यांची फौज लांबच लांब फळी धरून उभी असल्याचें दिसून आलें. रघूजींचे बंधु व्यंकोजी यांच्या हाताखालीं भोसल्यांचें पायदळ व तोफखाना होता. उजव्या बगलेस शिंद्यांचें घोडदळ होतें. चमत्कार असा कीं, त्याच वेळीं शिंद्यांचे वकील इंग्रजांच्या छावणींत बसून, हल्ला करूं नये म्हणून विनवीत होते. वकील तहाची भाषा बोलत आहेत आणि त्याच धन्याचे स्वार रणांत उभे आहेत, असा हा देखावा होता! ज्या पक्षाला स्वतःचेंच मन ठाऊक नाहीं, त्याच्या तोफा कितीहि चांगल्या असोत, त्यांचा उपयोग तो काय होणार?

आणि तोफा खरोखरच चांगल्या होत्या. दिवस कलतांना इंग्रजी सैन्य पुढें सरकूं लागलें, तेव्हां मराठ्यांच्या पहिल्याच माऱ्यानें तीन हिंदी पलटणी फुटून मागें फिरल्या. असईस याच पलटणींनीं चांगलें शौर्य गाजविलें होतें. वेलस्लीनें जातीनें पुढें होऊन त्यांना आवरलें व पुनः ओळींत उभें केलें; तो तेथें नसता तर दिवस हातचा गेला असता, असें त्यानें स्वतःच पुढें लिहिलें. मराठ्यांस ही संधि साधतां आली नाहीं. भोसल्यांच्या चाकरींतील अरबांनीं गोऱ्या पलटणींवर निकरानें चाल केली, आणि ते जवळ जवळ सारे कापले गेले. शिंद्यांच्या स्वारांचा हल्लाहि परतविला गेला. त्यानंतर फळी मोडली. चांदण्यांत रात्रीं बराच वेळ पाठलाग चालला. अडतीस तोफा इंग्रजांच्या हातीं पडल्या. त्यांचे मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेंच्या आसपास होते.

अडगांवाहून निसटलेल्या पायदळाचा मोठा भाग गाविलगडांत शिरला. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ मध्यें बांधविला. दक्षिणेकडे खोल कडे, उत्तरेच्या बाजूस बाहेरचा किल्ला व त्याच्या आंत दुसरा किल्ला, अशी त्याची रचना आहे. तो अजिंक्य आहे असा लौकिक होता. स्टीव्हन्सननें मेळघाटच्या डोंगरांतून, जेथें धड वाट नव्हती तेथें वाट पाडीत, जड तोफा हत्ती, बैल व माणसें यांच्या बळावर उत्तरेकडे ओढून नेल्या. १५ डिसेंबर रोजीं तटास पडलेल्या खिंडारांतून हल्ला झाला. आंतल्या किल्ल्याच्या भिंतीवर कॅप्टन कँपबेलच्या तुकडीनें शिड्या लावल्या व दरवाजा उघडला. राजपूत किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां पडला. गडाचें हें शौर्य व्यर्थ होतें असें कोण म्हणेल? परंतु त्या शौर्यामागें उभें राहणारें राज्य त्या वेळीं तहाच्या वाटाघाटींत गुंतलें होतें.

दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला. भोसल्यांनीं कटक प्रांत इंग्रजांस दिला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो इंग्रजांचा दोस्त निजाम याच्या पदरीं पडला. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनींहि तह केला. नदीची रेघ ओढून एक प्रांत एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला.

हें इतकें सहज कां झालें, याचें उत्तर केवळ रणांगणावर सांपडत नाहीं. साखरखेर्ड्याच्या १७२४ च्या लढाईपासून वऱ्हाडावर निजामाचा हक्क बसला, आणि त्यानंतर नागपूरकरांचाहि वांटा जडला. मुलूख एक आणि वसूल करणारे दोन, अशी ही दुअमली होती. एकाचा कमाविसदार गेला कीं दुसऱ्याचा दारांत उभा! ज्या शेतकऱ्यानें दोन धन्यांस पैसा भरला, त्यास एक धनी हरला म्हणून हळहळ वाटण्याचें कारण नव्हतें. लढाईच्या सुमारासच दक्षिणेंत दुष्काळ पडला. तेव्हां सैन्य कोणाचेंहि असलें तरी तें कडबा, बैल व धान्य नेणारें, एवढीच त्याची ओळख रयतेस उरली. अडगांवचें युद्ध अडगांवच्या शिवारांत झालें. परंतु तें अडगांवकरांचें नव्हतें.

येथें दूरदेशच्या एका युद्धाची आठवण होते. मेक्सिकोच्या अमलाखालीं टेक्सास प्रांतांत १८२१ नंतर अमेरिकन वसाहतवाले येऊन राहिले. सांता आना यानें प्रांतांची स्वायत्तता मोडण्यास आरंभ केला, तेव्हां २ ऑक्टोबर १८३५ रोजीं गोन्झालेस गांवच्या शेतकऱ्यांनीं गांवाच्या रक्षणासाठीं पूर्वीं दिलेली एक लहानशी तोफ सरकारी शिपायांस परत देण्याचें नाकारलें. पहिली चकमक त्या तोफेवरून झाली. २८ ऑक्टोबरला कन्सेप्सिओन येथें सुमारें नव्वद वसाहतवाल्यांनीं आपल्याहून मोठ्या फौजेस परतविलें. डिसेंबरच्या ५ ते ९ तारखांस बेहार शहरांत घराघरांतून लढून त्यांनीं जनरल कॉस याला शरण आणलें, आणि पुढील एप्रिलांत सान हासिंतोला युद्धाचा निकाल लागला. त्यांच्यापाशीं कवायती सैन्य नव्हतें. परंतु तोफ कोणाची व जमीन कोणाची, याविषयीं प्रत्येकाच्या मनांत शंका नव्हती.

तथापि या उदाहरणाची पूजा करणेंहि बरें नव्हे. त्या वसाहतवाल्यांना ज्या हक्कांची काळजी होती त्यांत गुलाम बाळगण्याचाहि हक्क होता. मेक्सिकोनें १८२९ मध्यें गुलामगिरी बंद केली, तर टेक्सासच्या नव्या प्रजासत्ताकानें ती कायद्यानें मान्य केली. शिवाय ती जमीन मूळच्या टोळ्यांची होती, त्यांस कोणी विचारलें नाहीं. म्हणजे 'हें युद्ध आमचें' असें वाटणें हें बळ खरें, परंतु तो न्यायाचा पुरावा नव्हे. तरी विरोध मनांत भरतो तो असा : पंधरा वर्षांपूर्वीं आलेले लोक त्या भूमीवर आपला हक्क सांगून लढले, आणि शतकानुशतकें वऱ्हाडची काळी कसणारी रयत एका कलमासरशीं दुसऱ्याच्या दौलतींत जमा झाली.

त्यानंतर वऱ्हाड असेंच हस्तांतरित होत राहिलें. १८५३ मध्यें निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं तें कंपनीच्या ताब्यांत दिलें. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें वर्षाला पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्यावर घेतलें. १९३६ मध्यें निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. प्रांताचें नांव किताबांत, उत्पन्न पट्ट्यांत, आणि माणसें जेथल्या तेथें! मतदानाचा हक्क सर्वांस मिळाल्यावरच या व्यवहाराला खरा पूर्णविराम पडला.

गाविलगडची तटबंदी १८५८ मध्यें पाडून निकामी करण्यांत आली. तरी जें उरलें आहे तें पाहावयास चिखलदऱ्यास येणारे लोक आवर्जून जातात. त्यांनीं बेणीसिंगाचें स्मरण अवश्य करावें. परंतु त्याबरोबर हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, तट कितीहि उंच असले तरी ज्या राज्याचें प्रजेशीं नातें वसुलीपलीकडे जात नाहीं, त्याच्या रक्षणास त्या तटांमागें प्रजा उभी राहत नाहीं.