कढई एकाची की सगळ्यांची? सिच्वानी हॉटपॉटची गोष्ट

खाण्यापिण्याच्या निमित्तानं इतिहासाकडे बघायचं, हे या मालेचं सूत्र तुम्हाला आता पाठ झालं असेल. आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या, हे मला दिसलं. पण विषय वाटतो तेवढा हलका नाही.

चीनमधल्या कुठल्याही मोठ्या शहरात दुपारी एखाद्या साध्या हॉटपॉटच्या दुकानात शिरा. लांबच लांब बाकासारखं टेबल असतं. प्रत्येक खुर्चीसमोर टेबलात बसवलेली एक छोटी इंडक्शन शेगडी आणि तिच्यावर एकाच माणसापुरतं पातेलं. रस्सा कुठला ते तुम्ही सांगायचं: लाल तिखट, टोमॅटोचा, मशरूमचा की साधा हाडांचा. तिखट कमी, मध्यम की जास्त, तेही सांगायचं. मग पातळ कापलेलं मांस, वजडी, टोफू, कमळाचा कंद, बटाट्याच्या चकत्या, पालेभाज्या, रताळ्याच्या पिठाच्या शेवया यांतलं हवं ते उचलायचं. एका कोपऱ्यात वाट्या मांडलेल्या असतात: तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, व्हिनेगर, सोया सॉस. त्यातून आपलं कालवण आपण जमवायचं. शिजवायचं आपण, खायचं आपण आणि भांडंही फक्त आपलं. शेजारचा माणूस अनोळखी, त्याचं पातेलं वेगळं.

यावर एक ठरलेलं भाष्य ऐकू येतं. हॉटपॉट म्हणजे चिनी एकोप्याचं प्रतीक, सगळं घर एका भांड्याभोवती बसायचं. आता आला पाश्चात्त्य व्यक्तिवाद, म्हणून प्रत्येकाचं पातेलं वेगळं झालं. ऐकायला छान वाटतं. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि अशी गुळगुळीत विधानं कानावर पडली की मला आधी शंका येते. इतिहास बघितला तर गाडी जवळजवळ उलट्या दिशेनं जाते.

ली च्येरन नावाचे मोठे चिनी कादंबरीकार होऊन गेले (१८९१–१९६२). चेंगदूचे. फ्रान्समध्ये शिकले, फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ त्यांनी चिनीत आणली आणि मध्यंतरी चेंगदूत स्वतःची खानावळही चालवली. म्हणजे जेवणावर लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस! १९४०च्या दशकात त्यांनी वजडीच्या हॉटपॉटची जन्मकथा लिहून ठेवली. ती अशी. चोंगचिंग शहर यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावर आहे. समोरच्या काठावर च्यांगपेई. तिथे फेरीवाले म्हशीची आतडी, काळीज, वजडी विकत घेत. चांगलं मांस घेणारे वेगळे. हे उरलेलं, म्हणून स्वस्त. ते धुऊन, उकडून, बारीक तुकडे करायचे आणि कावड खांद्यावर टाकून निघायचं. कावडीवर मातीची शेगडी, शेगडीवर पत्र्याचं मोठं पसरट भांडं, आणि त्या भांड्यात खण पाडलेले. आत खारट, झणझणीत, जीभ बधिर करणारा रस्सा रटरटत असायचा. नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी ओझी वाहणारे लोक, चार पैसे मिळालेले भिकारीसुद्धा, या कावडीभोवती उभे राहत. प्रत्येकानं आपला एक खण ठरवायचा. त्यात तुकडा बुडवायचा, खायचा, आणि जितके तुकडे खाल्ले तितकेच पैसे द्यायचे.

बघा, यात काय काय आलं. आपला खण वेगळा, आपले तुकडे आपण निवडायचे, हिशेब नगावर, शेजारी अनोळखी. आजच्या दुकानातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट इथे हजर आहे. हा काही कुटुंबाचा सोहळा नव्हता. ज्याच्याकडे अख्खं भांडं विकत घेण्याइतके पैसे नाहीत, आणि ज्याचं कुटुंब नदीच्या वर कुठेतरी गावाकडे आहे, अशा माणसाचं हे जेवण होतं. एकोपा नंतर आला, पैसा आल्यावर.

ली पुढे सांगतात की १९३४च्या सुमारास चोंगचिंग शहरातल्या एका छोट्या खानावळीनं हा पदार्थ कावडीवरून टेबलावर आणला. शेगडी मातीचीच राहिली. पण खणांच्या पत्र्याच्या भांड्याऐवजी तांब्याचं छोटं भांडं आलं, आणि रस्सा नि बुडवायचं कालवण गिऱ्हाईकानंच आपल्या आवडीप्रमाणे जमवायचं ठरलं. कारण काय, तर स्वच्छता आणि ज्याची त्याची चव. ‘आपलं आपण बनवा’ ही कल्पना म्हणजे कुठल्या कंपनीची अलीकडची युक्ती नव्हे. तिला नव्वदएक वर्षं झाली.

अजून मागे जाऊ. तेराव्या शतकात दक्षिण सोंग राजवटीत लिन होंग यानं पाककृतींचं एक पुस्तक लिहिलं. त्यात वूयी डोंगरातल्या सशाच्या मांसाची कृती आहे: पातळ काप, शेगडीवर उकळतं पाणी, प्रत्येकानं स्वतः चॉपस्टिकनं बुडवून खायचं आणि ज्यानं त्यानं आपल्याला हवं त्या कालवणाशी खायचं. त्याहून जुना पुरावा जमिनीखालचा. ल्यू ह नावाचा एक राजपुत्र इ.स.पू. ७४ मध्ये सत्तावीस दिवस सम्राट होता, मग पदच्युत झाला, इ.स.पू. ५९ मध्ये वारला. नानचांगजवळ त्याच्या थडग्यात काशाचं एक भांडं मिळालं, खाली निखाऱ्यांची सोय असलेलं. त्यात चेस्टनटचे अवशेष होते. त्या हान काळात श्रीमंत लोक जमिनीवर बसून, प्रत्येकजण आपापल्या छोट्या चौरंगावर जेवत. आपल्या पंगतीतलं पाट आणि ताट आठवा. उंच टेबलं-खुर्च्या रुळल्या आणि मग सोंग काळापर्यंत मधे ठेवलेल्या सामाईक ताटल्यांतून सगळ्यांनी उचलायची पद्धत पक्की झाली. म्हणजे ज्याला ‘मूळ चिनी’ म्हणतात ती सामाईक जेवणाची रीत लाकूडकामाच्या इतिहासाशी बांधलेली आहे. हे मला फार आवडतं. संस्कृतीवरचे मोठमोठे सिद्धांत एका खुर्चीपाशी येऊन थांबतात.

आता त्या रश्शाबद्दल. त्याची चव दोन शब्दांत सांगतात, ‘मा’ आणि ‘ला’. ला म्हणजे मिरचीचं तिखट. मिरची अमेरिकेची, चिनी लिखाणात तिची नोंद १५९१ मध्ये सापडते, तीही शोभेचं झाड म्हणून. सतराव्या शतकातल्या युद्धांनी सिच्वान प्रांत अक्षरशः ओस पडला होता. छिंग सरकारनं हुनान-हुबेईकडची माणसं तिथे वसवली. शेजारच्या क्वेइचौ प्रांतात मीठ महाग, म्हणून गरीब लोक मिठाऐवजी मिरची खाऊ लागले, अशी १७२०च्या आसपासची नोंद आहे. सिच्वानात मिरचीला आजही ‘हाय-ज्याओ’ म्हणतात, म्हणजे समुद्रावरची मिरी. त्या प्रांताला समुद्रकिनारा नाही! पण नाव सांगतं की पाहुणी कुठून आली. आपणही तेच केलं: पोर्तुगिजांबरोबर आलेल्या फळाला जुन्या मिरीवरून मिरची म्हटलं आणि ती आपलीच असल्यासारखी ठेचायला घेतली.

‘मा’ मात्र सिच्वानचं स्वतःचं, मिरचीच्या कितीतरी आधीचं. ती जीभ बधिर करणारी चव ह्वा-ज्याओ नावाच्या फळाच्या सालीतून येते. आणि इथे कोकणातल्या नि गोव्यातल्या श्रोत्यांनी कान टवकारावेत, कारण हे फळ आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकाच प्रजातीगटातलं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ ठेचून टाकता ना, तीच ती झिणझिण. २०१३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ही झिणझिण मोजली. ओठांना जाणवणारी कंपनं सेकंदाला सुमारे ५० भरली. म्हणजे ही चव नाहीच, स्पर्श आहे! तेव्हा आपल्या गाड्यांवरचं ‘शेझवान’ आणि सिच्वान यांचा संबंध नावापुरता. मुंबईच्या त्या लाल चटणीत मिरची नि लसूण भरपूर, पण ‘मा’ गायब असतो. कोकणी माणसानं तिरफळ टाकून ती केली असती तर ती सिच्वानच्या जास्त जवळ गेली असती.

या रश्शावर गाईबैलांच्या चरबीची जाड लाल तर्री असते. ती झाकणाचं काम करते, उष्णता धरून ठेवते, आणि वजडी, आतडी यांचा उग्र वास मारते. गरिबाच्या मांसाला ही तर्री लागत होती, म्हणून ती आहे. चवीचं कारण पोटात असतं, हे विसरू नये.

१९३७ मध्ये जपानी आक्रमणामुळे चीनची राजधानी चोंगचिंगला हलली. देशभरातले अधिकारी, प्राध्यापक, निर्वासित तिथे आले आणि नदीकाठचा हा पदार्थ त्यांनी चाखला. पुढचा मोठा टप्पा थेट आर्थिक सुधारणांनंतरचा. १९८०च्या दशकात मधे पडदा असलेलं, अर्धं तिखट नि अर्धं साधं असं जोड-भांडं रुळलं. चेंगदूत काड्यांवर टोचलेले तुकडे आले, काड्या मोजून पैसे. आणि ‘माओ-त्साय’ आला: तुम्ही भाज्या-मांस निवडायचं, दुकानदार ते रश्शात शिजवून एका वाडग्यात देणार. चेंगदूचे लोक गमतीनं त्याला एका माणसाचा हॉटपॉट म्हणतात.

एकेकट्या पातेल्याची साखळी दुकानं बीजिंगमध्ये जोरात चालली ती १९९८ मध्ये एका तैवानी उद्योजकानं सुरू केलेल्या श्याबू-श्याबूमुळे. ती शैली सिच्वानी नव्हती, तैवान-जपानकडची होती. पण तिखट लाल रस्सा तिच्यात सहज सामावला. सुरुवातीला गिऱ्हाईक फारसं नव्हतं. मग २००३ मध्ये सार्सची साथ आली आणि लोकांना वेगळं भांडं अचानक शहाणपणाचं वाटू लागलं. ही भीतीही जुनीच. १९१०-११च्या मांचुरियातल्या प्लेगशी लढलेले डॉक्टर वू ल्येन-तेह यांनी सामाईक ताटलीतून खाण्याच्या सवयीवर टीका करून फिरतं तबक आणि वेगळे वाढायचे चमचे सुचवले होते. आपल्याकडे ‘उष्टं’ हा शब्द एवढा पक्का आहे की आपल्याला हा वाद कळायलाच वेळ लागतो. पण आपलं उष्टं शुचितेचं, बऱ्याचदा जातीचंही. वू यांचं जंतूंचं. दोन्हींची गल्लत करू नये.

बाकी कारणं रोकडी आहेत. इंडक्शन शेगडीला ज्वाळा नाही, धूर नाही. शिजवायचं काम गिऱ्हाईकच करतं, म्हणजे निष्णात आचारी लागत नाही. रश्शाचा मसाला कारखान्यात बनून पाकिटात येतो. त्यामुळे एकाची शंभर दुकानं करणं सोपं. ‘तुमच्या आवडीचं तुम्ही बनवा’ हे स्वातंत्र्य खरंच आहे, पण त्यात दुकानाचा पगारखर्चही वाचतो, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि तेल. चोंगचिंगच्या जुन्या आचाऱ्यांचा ठाम दावा असे की आधीच्या टेबलांवरून गाळून पुन्हा वापरलेल्या ‘जुन्या तेला’शिवाय खरी चव येत नाही. लोक त्याला तिरस्कारानं थुंकीचं तेल म्हणू लागले. अन्नसुरक्षेचे कायदे कडक झाले आणि एकदाच वापरायच्या तेलाची पाकिटं आली. मी इथे आचाऱ्यांच्या बाजूनं नाही. परंपरा म्हटलं की दुसऱ्याच्या आरोग्याची किंमत वसूल करायचा परवाना मिळत नाही.

तरी त्यांच्या म्हणण्यात एक कण खरा आहे, आणि तिथे मला यान यिंग आठवतो. इ.स.पू. ५२२ मध्ये छी राज्याचा हा मंत्री राजाला ‘सुसंवाद’ आणि ‘एकसारखेपणा’ यांतला फरक समजावत होता. त्यानं उदाहरण दिलं रश्शाचं: पाणी, विस्तव, आंबट, मीठ, मासा, मांस, सगळं वेगळं, आणि आचारी त्यांचा मेळ घालतो. पाण्यात पाणीच ओतलं तर ते कोण पिणार? दहा जणांच्या भांड्यात तासाभरानं जो रस्सा होतो, तो दहा आवडीनिवडींनी घडलेला असतो. एकट्याच्या पातेल्यात तो तेवढा कधी मुरत नाही. हे नुकसान मोजायलाच हवं.

पण दुसरी बाजूही मोजा. सामाईक भांड्यात तडजोड कोण करतं? शाकाहारी, मुस्लिम, आजारी, तिखट न सोसणारा, म्हणजे नेहमी संख्येनं कमी असलेला. शांघायला कामासाठी गेलेला एखादा माळकरी मुलगा सहकाऱ्यांच्या चरबीच्या रश्शासमोर उपाशी बसतो. त्याला आपलं मशरूमचं पातेलं मिळालं तर तो त्यांच्या शेजारी बसून जेवू शकतो. यान यिंगचा आचारी सगळ्यांचा मेळ घालतो खरा, पण मासा आणि कोहळा यांना मेळात यायचं आहे का, हे तो विचारत नाही. माझं मत विचाराल तर कावडीवरचं ते खणांचं भांडं मला सगळ्यांत सुजाण वाटतं. आज चोंगचिंगमध्ये नऊ खणांची जी जाळी मिळते तिला तळ नसतो. वर खण वेगळे, खाली रस्सा एकच.

वेळ संपत आली. दोन प्रश्न आले आहेत, तेवढे घेतो.

पहिला: एकटं जेवायला लोकांना संकोच वाटत नाही का? वाटतो. हायदीलाव ही सिच्वानात १९९४ मध्ये सुरू झालेली साखळी एकट्या गिऱ्हाइकासमोरच्या खुर्चीत मोठं कापडी अस्वल आणून बसवते, त्यावरून बरेच विनोदही झाले. बाकासारख्या टेबलावर तो प्रश्न येत नाही. समोर कुणी नसतंच, सगळे एका दिशेला तोंड करून बसतात. नदीकाठी लोक कावडीभोवती गोल उभे राहायचे. हा फरक मला पातेल्याच्या आकारापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा प्रश्न व्यावहारिक आहे: वजडी किती वेळ बुडवायची? तिथला हिशेब ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ असा आहे. चॉपस्टिकमधून सोडायची नाही, जिथे सर्वांत जोरात उकळतंय तिथे बुडवायची, उचलायची, पुन्हा बुडवायची. साधारण पंधरा सेकंद. त्याहून जास्त ठेवलीत तर चपलेचा पट्टा चावल्यासारखं होईल. बटाटा मात्र कडेला टाकून विसरून जा, तो शेवटी काढायचा.