न पाडलेल्या इमारतींचें शिल्प

वास्तुशिल्पज्ञांची कीर्ति बहुधा त्यांनीं उभारलेल्या इमारतींवरून मोजली जाते. लीना बो बार्दी यांची कीर्ति न पाडलेल्या इमारतींवरहि उभी आहे. १९१४ सालीं रोम येथें जन्मलेल्या लीनाबाई १९४६ मध्यें ब्राझील देशीं आल्या. साल्वादोर येथील समुद्रकांठच्या एका वसाहतकालीन वास्तूचा जीर्णोद्धार करून त्यांनीं १९६३ सालीं तेथें लोककलांचें संग्रहालय वसविलें. पुढल्याच वर्षीं लष्करी सत्ता आली व तें काम त्यांस सोडावें लागलें.

१९७७ सालीं सां पावलो शहरांतील पिंपें बनविणारा एक जुना कारखाना त्यांच्याकडे आला. प्रथम त्यांस मोहविलें तें विटांच्या भिंतींनीं व काँक्रीटच्या सडपातळ खांबांनीं. पुढें एका शनिवारीं त्या जाऊन पाहतात, तों आंत मुलें बागडत आहेत, गळक्या छपराखालीं तरुण चेंडू खेळत आहेत, आया स्वयंपाकांत गुंतल्या आहेत! जीर्णोद्धार सुबक होतो, पण पूर्वींचीं माणसें दाराबाहेर राहतात, असा अनुभव अनेक ठिकाणीं येतो. येथें तसें होऊं द्यावयाचें नाहीं, भिंतींइतकाच हा आनंदहि जपावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. गिलावा काढून विटा उघड्या केल्या. आंत वाचनालय, नाट्यगृह व कार्यशाळा सामावल्या. दालनांतून पाण्याचा पाट वाहविला. १९८२ सालीं केंद्र खुलें झालें. लीनाबाई १९९२ सालीं निवर्तल्या. त्या छपराखालचा गलबला मात्र अद्याप थांबलेला नाहीं.