पहिल्या सहा सामन्यांचे सत्य

ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हैसूरला दसरा रंगात आला होता. ३ तारखेला उत्सव सुरू झाला आणि १२ तारखेला जंबो सवारी निघाली. नेमक्या त्याच दिवसांत राज्यातला सर्वांत नामवंत फुटबॉल संघ, बेंगळुरू एफसी, इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात शिरोभागी होता. चार सामने झाले होते. ईस्ट बंगालवर १-०, हैदराबादवर ३-०, मोहन बागानवर ३-० आणि मुंबईत गोलशून्य बरोबरी. दहा गुण मिळाले होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खाती एकही गोल नव्हता. सुट्टीनंतर पंजाबवर १-० आणि कोचीत केरळ ब्लास्टर्सवर ३-१ असे विजय मिळाले. सहा सामन्यांत १८ पैकी १६ गुण झाले.

हाच संघ आधीच्या हंगामात २२ सामन्यांत २२ गुण मिळवून बारा संघांत दहावा आला होता. त्यामुळे चाहत्यांपुढे उभा राहिलेला प्रश्न साधा होता: ही सुरुवात खरी की भासमान?

पुढे काय घडले ते आज ठाऊक आहे. २ नोव्हेंबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, एफसी गोवाने बेंगळुरूला ३-० असे हरवले. उरलेल्या १८ सामन्यांत संघाला २२ गुण मिळाले. म्हणजे प्रतिसामना गुणांचा वेग २.६७ वरून १.२२ वर आला. २४ सामन्यांअंती ३८ गुण आणि तिसरे स्थान. तिसरे स्थान मानाचे खरेच; पण नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर यांचेही गुण ३८ च होते, आणि सहाव्या मुंबईचे ३६. तिसऱ्या स्थानाचा पाया त्या पहिल्या सहा सामन्यांनीच घातला होता.

असे का होते, याचे उत्तर शोधण्याचा इतिहास फुटबॉलपासून दूर, माणसांच्या उंचीपासून सुरू होतो. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची मोजमापे प्रसिद्ध केली. फार उंच आईबापांची मुले उंच होती, पण आईबापांइतकी नव्हती. फार बुटक्यांची मुले बुटकी, पण तितकी नव्हती. दोन्ही टोके सरासरीकडे ओढली जात होती. गाल्टन यांना प्रथम यात आनुवंशिकतेचा एखादा नियम दिसला. वस्तुतः ती ओढ कोणत्याही शक्तीची नव्हती. जिथे मोजलेली गोष्ट अंशतः स्थायी गुणांवर आणि अंशतः योगायोगावर अवलंबून असते, तिथे सर्वांत वरचे निवडले की त्यांत गुणवान आणि भाग्यवान असे दोन्ही एकत्र निवडले जातात. पुढच्या खेपेला गुण टिकतो, भाग्य टिकेलच असे नाही. सांख्यिकी याला सरासरीकडे परतणे म्हणते.

भारतात या विचाराला सार्वजनिक वजन प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दिले. १९२६ साली ओरिसात मोठा पूर आला. नद्यांचे तळ वर आले आहेत, तेव्हा बांध उंच करावेत, असा अभियंत्यांचा कौल होता. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि तळ लक्षणीय वर आल्याचा पुरावा नाही असे दाखवून दिले. एका असाधारण वर्षावरून नदीचा स्वभावच बदलला असे ठरवता येत नाही. तिथे पणाला लाखो लोकांचे जीवन होते. फुटबॉलमध्ये एवढे काही नसते. पण तर्काची चूक तीच.

फुटबॉलमध्ये ही चूक अधिक सहज घडते, कारण गोल फार थोडे होतात. बास्केटबॉलमध्ये गुण मिळवण्याच्या संधी इतक्या असतात की चांगला संघ बहुधा जिंकतोच. फुटबॉलमध्ये खांबाला लागलेला एक चेंडू किंवा एक पेनल्टी निकाल फिरवते. इंग्लंडच्या हवाई दलातील हिशेबनीस चार्ल्स रीप यांनी १९५० साली स्विंडनच्या एका सामन्यात प्रत्येक चालीची टिपणे घेण्यास सुरुवात केली, आणि हा नाद आयुष्यभर सोडला नाही. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह कौशल्य आणि योगायोग यांवर शोधनिबंध लिहिला. साधारण दहा फटक्यांमागे एक गोल असे प्रमाण त्यांना आढळले, आणि खेळावर योगायोगाचे वर्चस्व आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. (या आकडेवारीवरून रीप यांनी लांब पास मारण्याचा जो उपदेश केला तो चुकीचा होता, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, नोंदी चोख असूनही निष्कर्ष फसू शकतो.)

या मताला १९७४ साली आय. डी. हिल यांनी उत्तर दिले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच तज्ज्ञांनी वर्तवलेले संघांचे क्रम त्यांनी शेवटच्या गुणतक्त्याशी ताडून पाहिले. निव्वळ योगायोगाने जुळावेत त्याहून ते बरेच अधिक जुळले. म्हणजे एका सामन्यात योगायोग बलवान असला तरी लांब हंगामात कौशल्य वर येते. प्रश्न उरतो तो ‘लांब’ म्हणजे किती, एवढाच.

थोडे गणित करून पाहू. एक मध्यम दर्जाचा संघ कल्पावा: सामना जिंकण्याची संभाव्यता ०.४५, बरोबरीची ०.२७, पराभवाची ०.२८. अशा संघाला सहा सामन्यांत १६ वा अधिक गुण हवे असतील तर सहाही सामने जिंकावे लागतील किंवा पाच जिंकून एक बरोबरीत सोडवावा लागेल. दोहोंची संभाव्यता मिळून शेकडा ४ हून किंचित कमी येते. हे वाचून कोणी म्हणेल, इतके दुर्मीळ असेल तर संघ मध्यम नसणारच. पण त्या हंगामात लीगमध्ये १३ संघ होते. तेराही संघ अगदी याच दर्जाचे असते, आणि निकाल परस्परांपासून स्वतंत्र धरले, तरी त्यांपैकी निदान एकाची सुरुवात अशी झळाळती होण्याची संभाव्यता शेकडा ४० च्या आसपास भरते. आपण आधी तक्त्याच्या शिरोभागी पाहतो आणि मग तिथे कोण आहे याचे नवल करतो.

मग पहिले सहा सामने विसरून जावेत काय? तसेही नाही. १९७० च्या अमेरिकी बेसबॉल हंगामातील १८ खेळाडूंच्या पहिल्या ४५ संधी घेऊन ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी हाच प्रश्न हाताळला. रॉबेर्तो क्लेमेंते यांनी ४५ पैकी १८ वेळा यश मिळवले होते, म्हणजे ०.४००. मॅक्स अॅल्विस यांना ४५ पैकी ७, म्हणजे ०.१५६. अठरा जणांची सरासरी ०.२६५ होती. एफ्रॉन आणि मॉरिस यांनी प्रत्येकाचा आकडा या सरासरीकडे सरकवला; सरासरीपासूनच्या अंतराचा जेमतेम पाचवा हिस्सा राहू दिला. उरलेल्या हंगामात क्लेमेंते ०.३४६ वर उतरले, अॅल्विस ०.२०० वर चढले. अठरा जणांचा एकत्रित विचार करता सरकवलेल्या अंदाजांची चूक मूळ आकड्यांच्या चुकीच्या साडेतिनाव्या हिश्शाएवढीच होती. क्लेमेंते यांच्या बाबतीत मात्र ही रीत अति सावध ठरली. ते खरोखरच असामान्य खेळाडू होते. सर्वांसाठी मिळून उत्तम असलेला अंदाज एखाद्या थोरावर अन्याय करू शकतो.

बेंगळुरूला ही दृष्टी अगदी ढोबळपणे लावू. आधीच्या हंगामातील २२ सामन्यांचे २२ गुण आणि नव्या सहांचे १६ एकत्र केले तर २८ सामन्यांत ३८, म्हणजे प्रतिसामना १.३६ गुण. पुढे प्रत्यक्षात १.२२ मिळाले. संघातले खेळाडू बदललेले असताना जुना हंगाम असा जसाच्या तसा जोडणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. तरीही दसऱ्याच्या उत्साहात कोणी १.३६ म्हणाले असते तर त्याला अरसिक ठरवले गेले असते.

याची उलट बाजू कोलकात्यात घडली, आणि तिथे माणसाच्या नोकरीचा प्रश्न होता. ईस्ट बंगालने पहिले सहाही सामने गमावले. तीन पराभवांनंतरच प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात पायउतार झाले. हेच कुआद्रात २०१८-१९ मध्ये बेंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारे; जानेवारी २०२४ मध्ये ईस्ट बंगालला सुपर कप मिळाला तोही त्यांच्याच हाताखाली. पुढे ऑस्कर ब्रुझोन आले आणि उरलेल्या १८ सामन्यांत ईस्ट बंगालने २८ गुण मिळवले, म्हणजे त्याच अवधीतील बेंगळुरूपेक्षा सहा अधिक! श्रेय नव्या प्रशिक्षकाचे काय? नेदरलँड्सच्या लीगवरील २००३ सालच्या एका अभ्यासात, घसरण होऊनही प्रशिक्षक न बदलणारे संघ बदलणाऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक वेगाने सावरल्याचे दिसले होते. तळाला गेलेला संघ वर येतोच, आणि त्या वेळी जो बाकावर बसलेला असतो त्याच्या गळ्यात हार पडतो. तथापि ईस्ट बंगालच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबणार नाही. आधीच्या हंगामात त्यांचे २२ सामन्यांत २४ गुण होते, नंतरचा १.५६ चा वेग त्या पातळीच्याही वर जातो. केवळ परतणे असते तर तो जुन्या पातळीजवळ थांबायला हवा होता. काही खरे बदललेही असावे.

म्हैसूरच्या नावाशी निगडित आणखी एक नोंद इथे आठवते. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. तोवर संतोष ट्रॉफीत संघ ‘म्हैसूर’ या नावानेच उतरे. १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी चार विजेतेपदे त्याने मिळवली, चारही वेळा बंगालला हरवून. लागोपाठच्या शेवटच्या दोन विजेतेपदांनंतर म्हैसूरचे युग सुरू झाले असे कोणाला वाटले असल्यास त्यात अस्वाभाविक काही नव्हते. पुढचे विजेतेपद ४ मार्च २०२३ रोजी रियाधमध्ये आले, मेघालयावर ३-२ असा विजय मिळवून, ५४ वर्षांनी. जुनी विजेतेपदे म्हणून खोटी ठरत नाहीत. करंडक झालेल्या सामन्यांसाठी मिळतो, होणाऱ्या सामन्यांसाठी नव्हे.

आणि बेंगळुरू एफसी? २९ मार्च २०२५ ला बाद फेरीत त्यांनी मुंबईला ५-० असे लोळवले, नंतर दोन सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर गोव्याला मागे टाकले आणि १२ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना गाठला. समोर मोहन बागान होते: सप्टेंबरात बेंगळुरूकडून ३-० असे हरलेले, आणि तरीही ५६ गुणांसह लीगमध्ये पहिले आलेले. बेंगळुरूने उत्तरार्धात आघाडी घेतली. कमिंग्सच्या पेनल्टीने बरोबरी झाली, आणि जादा वेळेत मॅक्लारेनच्या गोलने करंडक कोलकात्यातच राहिला.