ओढ्याकाठची मोनार्डा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. बागेतल्या झाडाचं मात्र दोन्ही शोधावं, आणि मोनार्डाचं तर फावडं हातात घेण्याआधीच. अमेरिकेतल्या घरगुती बागांत ऐन उन्हाळ्यात लालभडक फुलणारं, हिवाळ्यात जमिनीपर्यंत सुकून वसंतात पुन्हा फुटणारं हे झाड. तिथे त्याला बी बाम म्हणतात. तुळशीच्याच कुळातलं: चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, नुसता हात लागला तरी घमघमाट.

त्याचं माहेर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची ओलसर रानं आणि ओढ्यांचे काठ. तिथल्या आदिवासींच्या औषधांत हा पाला होताच. १७४३ साली फिलाडेल्फियाचा जॉन बार्ट्रम, हाडाचा शेतकरी आणि झाडांचा वेडा, ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर ऑस्वीगोच्या व्यापारी ठाण्यापर्यंत जाऊन आला. पुढे या झाडाचं बी त्याने लंडनला पीटर कॉलिन्सनकडे धाडलं. कॉलिन्सनचा धंदा कापडाचा, जीव मात्र बागेत. त्याच्याकडे ते फुललं आणि इंग्लंडच्या बागांत शिरलं. अमेरिकेत त्याचं नाव पडलं ऑस्वीगो चहा. १७७३ च्या डिसेंबरात चहावरच्या कराच्या निषेधात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात गेल्या. त्यानंतर करवाल्या चहाऐवजी वसाहतींत जे गावठी पाले उकळले गेले, त्यांत हाही होता.

मोनार्डा हे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलं, स्पेनमधल्या सेव्हिलचा वैद्य निकोलस मोनार्डेस याच्या स्मरणार्थ. हा गृहस्थ अमेरिकेला कधी गेलाच नाही. सेव्हिलच्या बंदरात उतरणारी मुळं, साली, डिंक पारखून त्याने तिकडच्या औषधींवर पुस्तक लिहिलं. पहिला भाग १५६५ चा. त्याच्या दोनच वर्षं आधी गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापून झाला होता. हा ऑर्ता म्हणजे एके काळी मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होतं, तोच. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने दोघांनाही लॅटिनमध्ये आणलं, आणि १६०५ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात दोघं एकत्र आले. गोव्यात बसून लिहिलेलं आणि सेव्हिलमध्ये बसून लिहिलेलं एका बांधणीत यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. गंमत म्हणजे मोनार्डाच्या माळरानावर वाढणाऱ्या फिक्या जांभळ्या बहिणीचं पान चुरडलं, तर मराठी नाकाला ओवा आठवेल. कारण खरंच एक आहे: दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं.

फूल एकदा अगदी जवळून पाहावं. एका बोंडात लांब नळ्यांची दाटी. वरचा ओठ कमानीसारखा पुढे आलेला, त्याखालून दोन पुंकेसर बाहेर डोकावणारे. मध नळीच्या पार तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर सहसा पोचत नाही. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी थरथरत लांब चोच आत घालतो आणि जाताना डोक्यावर पराग घेऊन जातो. नावात मधमाशी असली, तरी हा लाल रंग आणि ही नळी या पाखरासाठीच आहे. लाल मोनार्डा लावायची ती त्याच्यासाठी.

आता बागेत. मुळात ओढ्याकाठचं झाड, तेव्हा मुळाशी ओल हवी आणि अंगाला वारा. घरच्या वाफ्यात नेमकं उलट होतं: माती कोरडी, झाडं खेटून, हवा कोंदट. मग पानांवर भुरी येते, द्राक्षबागायतदारांच्या परिचयाची तसलीच पांढरी पूड. जुने वाण भुरीने पार बेजार होत. कॅनडात मॅनिटोबातल्या मॉर्डन संशोधन केंद्रातून आलेला गुलाबी ‘मार्शल्स डिलाइट’ आणि जॉर्जियातून आलेला लाल ‘जेकब क्लाइन’ हे तिला बऱ्यापैकी तोंड देतात. नव्याने लावणाऱ्याने यांतलाच घ्यावा. औषध फवारत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

ओलसर काठावर आडव्या धुमाऱ्यांनी पसरत जाणं हा त्याचा मूळ स्वभाव. बागेतही ते तसंच सरकतं, आणि दोन-तीन वर्षांत मधला भाग मरून नुसतं कडं उरतं. अशा वेळी वसंतात कोंब दिसू लागताच अख्खं ठोंब खणून काढावं. मधलं लाकूड झालेलं टाकून द्यावं, कडेचे मुळ्यांसकट ताजे फुटवे दीड-दोन फुटांवर लावावेत, आणि ते रुजेपर्यंत माती वाळू देऊ नये.