देह उत्क्रांतीचा, आत्मा ईश्वराचा
डार्विनचे नाव निघाले की धर्म आणि विज्ञान यांची कुस्ती आपण मनातल्या मनात लावून देतो. सेंट जॉर्ज मायव्हर्टची हकीकत त्या आखाड्यात बसत नाही. (हा कोणी संत नव्हे, ‘सेंट जॉर्ज’ हे त्याचे बारशाचेच नाव!) १८२७ साली लंडनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीच कॅथॉलिक झाला आणि ऑक्सफर्डचे दार त्याला बंद झाले. तो बॅरिस्टर झाला. पुढे हक्स्लेच्या सहवासात प्राणिशास्त्रात रमला.

१८७१ साली त्याने ग्रंथ लिहून सरळ वाटणी मांडली. मनुष्याचा देह आधीच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असेल. आत्मा मात्र ईश्वर स्वतः निर्माण करतो. निसर्गनियमांच्या द्वारे घडवले म्हणून ईश्वराचे कर्तेपण उणे होते काय? नैसर्गिक निवड मात्र त्याला अपुरी वाटे. अवयव उपयोगी पडण्याइतका वाढण्यापूर्वी निवड त्याला राखील कशी, हा त्याचा प्रश्न. तो इतका वर्मी लागला की डार्विनला १८७२च्या आवृत्तीत उत्तरासाठी नवे प्रकरण घालावे लागले! हक्स्ले तर उघड विरोधक बनला.

रोमने काय केले? १८७६ साली पोप नववा पायस याने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. पुढे १९०० साली तो बहिष्कृत झाला खरा, पण उत्क्रांतीमुळे नव्हे. नरकासारख्या धर्मसिद्धांतांवरील त्याचे लेख चर्चला सोसले नाहीत. त्याच वर्षीच्या एप्रिलात तो वारला. पवित्र भूमीत दफन व्हायला १९०४ साल उजाडले.

१९५० साली पोप बारावा पायस याने देहाच्या उगमाविषयी संशोधनास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मित मानावा, असे बजावले. मायव्हर्टचे नाव त्या पत्रकात नाही.